मिरवणुकीआधी अटी ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गावातल्या एका जुन्या शिक्षणसंस्थेने आपल्याच माजी विद्यार्थ्याला कबड्डीचा प्रशिक्षक म्हणून बोलावल्याची बातमी आपण फोटोसह छापली. परराज्यात संघ घडवून त्याने नाव काढलं आहे, त्याबद्दल शंका नाही. पण बातमीत काय होतं? स्टेशनपासून खुल्या जीपमधून मिरवणूक, जेसीबीतून फुलं, आजी-माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, आणि अध्यक्षांचं 'आता ट्रॉफी आपलीच' हे वाक्य. त्याला पगार किती, मुदत किती, संघ कोण निवडणार, मॅट कधी येणार, यातलं एक अक्षरही नव्हतं. मी तीन तपं शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजवून निवृत्त झालेला माणूस आहे. मला आनंद होण्याआधी धास्ती वाटली.

धास्तीचं कारण जरा लांबचं आहे. माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या लिंकन गावी असतात. मक्याचा आणि गुरांचा मुलूख, वस्ती विरळ, शिकलेली पोरं बाहेर पळतात. अमळनेर-पारोळ्याच्या माणसाला तिथे फार परकं वाटत नाही, थंडी सोडली तर. त्या राज्यात मोठा व्यावसायिक संघ कुठलाच नाही. जे काही वेड आहे ते विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं. हा फुटबॉल आपला नव्हे. लांबोळका चेंडू काखेत घेऊन पळायचं, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना. चढाई आणि पकड ज्याला कळते त्याला तो तासाभरात कळतो. लिंकनच्या स्टेडियमची तिकिटं 1962 पासून प्रत्येक सामन्याला संपलेली असतात. सामन्याच्या दिवशी ते स्टेडियम राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं असं तिकडे म्हणतात, आणि ते खरंच आहे.

या विद्यापीठाने स्कॉट फ्रॉस्ट नावाच्या आपल्या माजी खेळाडूला प्रशिक्षक म्हणून घरी आणलं. त्याची हकिगत मी जावयाकडून, टीव्हीवरून आणि थोडी डोळ्यांनी बघितली. संस्थेच्या संचालकांनी ती वाचावी म्हणून हा पत्रप्रपंच.

फ्रॉस्टचा जन्म लिंकनचाच. वाढला वुड रिव्हर या लहान गावात. आई-वडील दोघंही प्रशिक्षक. आई 1968 च्या ऑलिंपिकमध्ये थाळीफेक केलेली, वडील नेब्रास्काकडूनच खेळलेले. पोरगा मात्र आधी कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला गेला आणि मग परतला. बाहेर गेल्याचा राग लोकांनी मनात ठेवला होता. 1997 च्या हंगामात सुरुवातीच्या एका सामन्यात घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याच वर्षी त्याने संघाला 13 पैकी 13 सामने जिंकून दिले आणि राष्ट्रीय विजेतेपद मिशिगनबरोबर विभागून मिळालं. टॉम ऑस्बर्न या थोर प्रशिक्षकाचा तो शेवटचा हंगाम. ऑस्बर्न पंचवीस वर्षं त्या जागेवर होते आणि 255 सामने जिंकून गेले. ही आठवण त्या राज्याच्या काळजात रुतून बसलेली आहे.

गंमत बघा. ज्या सामन्यात त्याची हुर्यो उडाली तो सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाविरुद्धचा होता, आणि पुढे प्रशिक्षक म्हणून त्याचं नाव झालं ते त्याच सेंट्रल फ्लोरिडात. 2015 साली तो संघ बाराच्या बारा सामने हरला होता. फ्रॉस्ट आल्यावर 2016 मध्ये 6 विजय, 7 पराभव. 2017 मध्ये 13 सामने, 13 विजय. शेवटचा ऑबर्नसारख्या बड्या संघाविरुद्ध, 34-27. दोन वर्षांत शून्यावरून तेरावर. अशा माणसाला माहेरचं बोलावणं येणारच. सात वर्षांचा करार, वर्षाला 50 लाख डॉलर.

आणि मग? 2018 ला सुरुवातीचे सहा सामने ओळीने हरले. संघाच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. हंगामअखेर 4 विजय, 8 पराभव. पुढे 5-7, मग 3-5, मग 3-9. सप्टेंबर 2022 मध्ये जॉर्जिया सदर्नसारख्या दुय्यम समजल्या जाणाऱ्या संघाने लिंकनला येऊन 45-42 ने हरवलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याला काढलं. एकूण हिशेब 16 विजय, 31 पराभव. तीन आठवडे थांबले असते तर द्यायची नुकसानभरपाई दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर आली असती. तेवढंही थांबले नाहीत.

आपल्याकडे लगेच म्हणतील, पिकतं तिथं विकत नाही. ही म्हण इथे लागू पडत नाही. इथे तर माल तपासायच्या आधीच चढ्या भावाने उचलला होता. लोकांनी त्याला किंमत दिली नाही असं झालंच नाही. उलट, नोव्हेंबर 2019 मध्ये, हरलेल्या सामन्यांची संख्या जिंकलेल्यांपेक्षा बरीच जास्त असताना, त्याचा करार दोन वर्षांनी वाढवला.

तो मूर्ख होता किंवा आळशी होता असं म्हणूनही सुटका नाही. 2021 च्या हंगामाचा हिशेब मी वहीत मांडून बघितला. बारापैकी नऊ सामने हरले. नऊच्या नऊ पराभव नऊ किंवा त्याहून कमी गुणांचे. ओहायो स्टेट, मिशिगन, ओक्लाहोमा, सगळ्यांशी शेवटच्या मिनिटांपर्यंत झुंज. आणि बारा सामन्यांची बेरीज केली तर नेब्रास्काचे गुण प्रतिस्पर्ध्यांपेक्षा 63 ने जास्त! म्हणजे बेरजेत जिंकले आणि गुणतक्त्यात तळाला. त्याच्या सगळ्या कारकिर्दीत एका फटक्याच्या फरकाने, म्हणजे आठ किंवा कमी गुणांनी, निकाल लागलेले 27 सामने झाले. त्यातले 5 जिंकले, 22 हरले. इतकं दुर्दैव कुणाच्या पत्रिकेत नसतं हो. दहा-बारा सामन्यांपर्यंत नशीब म्हणता येतं, पुढे ती सवय असते.

सवय कशाची, ते मैदानावर उभं राहिलेल्या माणसाला दिसतं. त्या खेळात किक मारण्याचं एक वेगळं खातं असतं. गोलावर किक मारणारा, लांब टोलवणारा, ती अडवणारे. कंटाळवाणं काम, टाळ्या कमी, पण अटीतटीचा सामना तिथेच फिरतो. 2021 मध्ये मिशिगन स्टेटविरुद्ध नेब्रास्का पुढे होतं. चेंडू लांब टोलवताना पोराने तो एका बाजूला मारला आणि त्याचे साथीदार दुसऱ्या बाजूला धावले. समोरच्याने मोकळ्या मैदानातून चेंडू थेट शेवटपर्यंत नेला. जादा वेळेत सामना गेला, 23-20. चुका होतात, पण ही चूक सरावाच्या खात्यात जमा होते. पुढच्या वर्षी डब्लिनला, आयर्लंडमध्ये, नॉर्थवेस्टर्नविरुद्ध 28-17 अशी आघाडी असताना फ्रॉस्टने आखूड किक मारून चेंडू परत मिळवण्याचा जुगार खेळला. गरज काडीची नव्हती. चेंडू समोरच्यांना मिळाला, सामना 31-28 ने गेला. आपल्याकडे रात्र होती, जावयाचा फोन आला आणि तो पलीकडून नुसताच बोलायचा थांबला.

मी स्वतः ऑक्टोबर 2019 मध्ये त्या स्टेडियमवर इंडियानाविरुद्धचा सामना बघितला. जिकडे नजर जाईल तिकडे लाल. तेव्हा पहिले गुण झाले की हजारो लाल फुगे आकाशात सोडायचे (ही रीत 2022 मध्ये बंद झाली). माझ्या शेजारी लाल टोपी घातलेला एक म्हातारा शेतकरी होता. हाताची कातडी आपल्याकडच्या कापूसवाल्यांसारखी फाटलेली. जावई मधे दुभाषा. तीनच आठवड्यांपूर्वीचा सामना नेब्रास्काने ज्याच्या किकवर जिंकला होता, तो पोरगा मुळात बचावफळीतला होता. नेहमीचा जखमी, म्हणून याला उभं केलेलं. त्या हंगामात विद्यापीठाच्या हौशी सॉकर क्लबातून एकाला आणूनही किक मारायला लावली होती. मी म्हाताऱ्याला विचारलं, एवढा पैसा, एवढी माणसं, आणि किक मारणारा दुसरा तयार नाही? त्याला प्रश्न आवडला नाही. फ्रॉस्ट खेळत असताना त्याने त्याला याच बाकावरून पाहिलं होतं. तो आपला पोरगा आहे, करेल सगळं नीट, एवढंच तो म्हणाला. सामना 38-31 ने गेला. जाता जाता त्या लोकांनी पाहुण्या संघासाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या, ही त्यांची जुनी रीत. माणसं फार चांगली. पण माझा प्रश्न तसाच राहिला, आणि मला वाटतं त्या ऐंशी-नव्वद हजारांत तो विचारायची कुणाची तयारीच नव्हती.

माझ्या मते खरं दुखणं हेच. सेंट्रल फ्लोरिडात फ्रॉस्ट परका होता. त्याला प्रत्येक गोष्ट सिद्ध करावी लागत होती. बाराही सामने हरलेल्या संघाकडून कुणाची अपेक्षा नव्हती. दाराबाहेर पाऊल टाकलं की फ्लोरिडात खेळाडूंचं पीक. नेब्रास्काला आला तेव्हा त्याच्याबरोबर त्याचे तिथले साहाय्यक जवळपास सगळे आले. फुटबॉल खात्याचा कारभार बघायला 1997 चा त्याचा जुना साथीदार मॅट डेव्हिसन. पुढे त्याचा साहेब झाला तो ट्रेव्ह अल्बर्ट्स, तोही नेब्रास्काचाच जुना खेळाडू. वर घरचे, शेजारी घरचे, खाली आपले. 'नाही' म्हणणारा माणूस कुठे बसवायचा?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीला कुणी भांडी घासायला सांगत नाही. तिने झोक्यावर बसावं, गाणी म्हणावीत, पुरणपोळी खावी. फ्रॉस्टला वागणूक मिळाली माहेरवाशिणीची आणि काम होतं सुनेचं.

शिवाय घराचं स्वतःचं दुखणं होतं, ते कुणी त्याला सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल, पण कराराच्या गडबडीत कुणी ऐकलं नसेल. 2003 साली फ्रँक सोलिच या प्रशिक्षकाने 9 सामने जिंकून दिले तरी त्याला काढलं. तोही नेब्रास्काचाच जुना खेळाडू. मग एकामागून एक प्रशिक्षक. 2011 मध्ये विद्यापीठ जुना गट सोडून बिग टेन या गटात गेलं. जुन्या गटात टेक्सासच्या संघांशी सामने व्हायचे, तिथली पोरं ओळखीची असायची. नव्या गटात नोव्हेंबरच्या थंडीत विस्कॉन्सिन आणि आयोवाच्या धिप्पाड पोरांशी धडक. फ्रॉस्टची चेंडू झटपट खेळायची पद्धत फ्लोरिडाच्या उन्हात शोभली होती. वीस लाखांच्या आतबाहेर वस्तीच्या राज्यात दर वर्षी तसे खेळाडू कुठून आणायचे? लोकांना प्रशिक्षक नको होता, त्यांना 1997 साल परत हवं होतं. ते कुणालाच आणता येत नाही.

इथे कुणी म्हणेल, मग घरचा माणूस आणूच नये का? तसं मी म्हणत नाही. जॉर्जियाचा कर्बी स्मार्ट तिथलाच जुना खेळाडू. त्याने 2021 आणि 2022 अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवली. पण तो येण्याआधी वर्षानुवर्षं अलाबामात निक सेबनसारख्या कडक माणसाच्या हाताखाली राबला होता, आणि जॉर्जियाच्या आसपास खेळाडूंची खाण आहे. मिशिगनचा जिम हारबॉ यापेक्षाही बोलका दाखला. तोही तिथलाच जुना क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रं हलवणारा खेळाडू. 2020 ला त्याचा संघ 2-4 झाला. मिशिगनने त्याला ठेवलं, पण पगार कापला. त्याने साहाय्यक बदलले, नव्या दमाचे, बाहेरचे आणले. 2023 ला पंधरापैकी पंधरा सामने जिंकून विजेता. नेब्रास्कानेही पगार कापला, साहाय्यक बदलायला लावले, पण ते चौथा हंगाम संपत आल्यावर. तोवर पराभवाची सवय पोरांच्या अंगात मुरली होती. फ्रॉस्टच्या जागी नंतर मॅट र्‍यूल हा पूर्ण परका माणूस आला. त्याने पहिल्या वर्षी 5-7 केलं, दुसऱ्या वर्षी 7-6, आणि 2016 नंतर पहिल्यांदा संघ हंगामअखेरच्या 'बाउल' सामन्यात गेला. त्याच्यासाठी कुणाचे डोळे भरून आले नव्हते, म्हणून त्याला वेळ मिळाला असेल. फ्रॉस्ट डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा सेंट्रल फ्लोरिडाला गेला. त्याचं तिथे काय व्हायचं ते होवो.

आता आपल्याकडचं. नाव कुठलंच घेत नाही, कारण माणसं हयात आहेत आणि लग्नकार्यात भेटतात. आमच्या भागातल्या एका शाळेने असाच आपला गाजलेला पोरगा कबड्डीसाठी परत बोलावला होता. पहिल्या दिवशी पहाटे सराव. पोरं रांगेत उभी, हा पुढे हाताची घडी घालून. तेवढ्यात संस्थेचे एक जुने सभासद स्कूटरवरून आले आणि रांगेसमोरच म्हणाले, "काय रे पप्या, कव्हय उना?" (कधी आलास?) पोरं खालमानेने हसली. त्या दिवसापासून तो सर होता, पण पप्या सर होता. डाव्या कोपऱ्यात खेळणारा पोरगा त्याच सभासदांचा पुतण्या. रोज उशिरा यायचा. परगावी असता तर याने त्याला आठवडाभर बाकावर बसवला असता. इथे त्याच घरात लहानपणी भाकरी खाल्लेली. बसवला नाही. बाकीच्यांनी ते बघितलं, आणि मग दोघे-तिघे उशिरा यायला लागले. तालुक्याची पोरं तोवर मातीवर खेळलेली, स्पर्धा मॅटवर. मॅटवर पाय वेगळा घ्यावा लागतो, बूट लागतात, बोनस रेषेचा अंदाज चुकतो. मॅट मागायला तो ऑफिसात गेला तर उत्तर मिळालं, तू याच मातीत मोठा झालास ना! विभागीय स्पर्धेत शेवटच्या चढाईत दोन गुणांनी हरले. त्या चढाईत पकड सुटली ती डाव्या कोपऱ्यातून. प्रशिक्षक दुसऱ्या वर्षी सोडून गेला. गावात आजही म्हणतात, बाहेर नाव कमावलं, घरी काही केलं नाही. मॅट अजून आलेली नाही.

म्हणून संस्थेच्या संचालक मंडळाला माझ्या काही सूचना. संघनिवड त्याची एकट्याची, आणि निवडीच्या दिवशी संचालकांनी मैदानावर येऊ नये. पोरांसमोर त्याला नावाने हाक मारायची नाही, 'सर' म्हणायचं, मग शाळेत तो कुणाच्या शेजारी का बसत असेना. एक तरी साहाय्यक बाहेरगावचा, ज्याचा इथे मामा-मावसा नाही. तो त्याला तोंडावर सांगू शकेल की ही व्यूहरचना चुकते आहे. मॅट आणि बूट नेमणुकीआधी. दोन वर्षं ट्रॉफीचा शब्द कुणी काढायचा नाही, पण दर सहा महिन्यांनी त्याला समोर बसवून चार अवघड प्रश्न विचारायचे. पोरांची उंची-वजनं, हजेरी, शेवटच्या पाच मिनिटांत गेलेले गुण, असा हिशेब मागायचा. पहिल्या वर्षी विचारायचा, चौथ्या वर्षी नव्हे. त्यानेही प्रश्न विचारावेत. याआधीचे तीन प्रशिक्षक का गेले, हे त्याने सही करण्याआधी लेखी मागावं. मला ठाऊक आहे ते का गेले, आणि संचालकांनाही ठाऊक आहे.

तो पोरगा माझ्या हाताखालून गेलेला नाही, पण शालेय स्पर्धांत पंच म्हणून मी त्याच्या चढाया बघितल्या आहेत. मध्यरेषा ओलांडताना डावा खांदा पाडायचा आणि पकडणारे फसायचे. गुणी पोरगा. म्हणूनच एवढं लिहिलं.

आपल्या बातमीदाराने संस्थेकडून नेमणूकपत्राची प्रत मागावी आणि त्यातल्या अटी आपल्या अंकात छापाव्यात, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
अमळनेर, जि. जळगाव